लेखकाचं नाव आणा

उल्हासनगरच्या एका कॉलेजात कमळाकर भोईरची चोवीस वर्षं ग्रंथालयाच्या काउंटरमागे गेली. मांजर्लीचा हा गडी हुद्द्याने शिपाई, पण रुबाब थेट ग्रंथपालाचा. मागणीच्या चिठ्ठीवर लेखकाचं नाव नसलं की चिठ्ठी तशीच परत. "नाव आन, मंग बघू." त्याचंही अगदीच चूक नव्हतं, पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे खण लेखकांच्या आडनावानेच लावलेले होते.

२००८ साली ग्रंथालयात इंटरनेट आलं. ग्रंथपाल मॅडमनी त्याला गूगल स्कॉलर दाखवलं: विषय टाकला की जगभरचे शोधनिबंध समोर येतात. कमळाकरने मान डोलावली, पण त्याला ते काही पटलं नाही.

मॅडम रजेवर असताना एका दुपारी यशोधरा जाधव आली. अंबरनाथची, एम.फिल. करणारी. घरी बसून जीन्सचे धागे कापणाऱ्या बायकांवर तिला लिहायचं होतं. उद्यापर्यंत पाच शोधनिबंधांची यादी दाखव, नाहीतर विषय बदल, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. तिच्या आईचा जन्म ते धागे कापण्यात गेला होता. विषय बदलायची तिची तयारी नव्हती.

"लेखक कोन?"

"तेच तर माहीत नाही, काका."

तो चिठ्ठी परत करणार तोच पोरीचे डोळे भरून आले. कमळाकर ओशाळला आणि मुकाट्याने कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. पण लेखकाचा रकाना मोकळा सोडायला त्याचा हात धजेना. चिठ्ठीवर एकच नाव होतं, मागणाऱ्याचं. त्याने तेच टाकलं. काहीच सापडलं नाही.

"काका, माझं नाव काय टाकता? मी कुठे काय लिहिलंय अजून!" ती रडता रडता हसली. मग तिने विषयाचे इंग्रजी शब्द सांगितले, त्याने एका बोटाने टाइप केले, आणि निबंधांची रांग लागली. काही उघडायला डॉलर मागत होते.

"ते सोड. ही मासिकं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत येतात. मॅडम रजेवरनं आल्या की त्यांचं पत्र देतो, तिकडं वाच."

यादी छापून झाली. घडी घालताना ती सहज म्हणाली, "बी.ए.लापण मी हाच विषय घेऊन आले होते, काका. तुम्ही नाव आणायला सांगितलंत. मग मी विषयच सोडून दिला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कमळाकरने तिचा तेव्हाचा चेहरा आठवून पाहिला. तो आठवेना. परत पाठवलेल्यांपैकी एकाचाही चेहरा त्याला आठवेना, आणि त्याला फार वाईट वाटलं.