सोमवार सोडून

सदूभाऊ गेल्याची बातमी त्याच्या मुलानं मंगळवारी सकाळी फोनवर सांगितली. झोपेतच गेला, म्हणाला. मी त्याच्या गावी, अवसरीला गेलो, खांदा दिला, सगळं केलं. पण तो खरंच गेला हे मला पटलं ते तिसऱ्या दिवशी, मंचरजवळ हायवेवरच्या एका हॉटेलानं त्याचा फ्लेक्स लावला तेव्हा. 'खवय्यांचा आधारस्तंभ हरपला.' वर सदूभाऊचा फोटो, खाली त्याहून मोठ्या अक्षरांत हॉटेलचं नाव आणि प्रशस्त पार्किंग असल्याची माहिती. ह्याच हॉटेलाबद्दल सदूभाऊनं पेपरच्या ह्याच पुरवणीतल्या आपल्या सदरात लिहिलं होतं, की इथं चूल दारात फोटोपुरती पेटते, स्वयंपाक मागं गॅसवर होतो आणि रश्श्यावरची तर्री खाण्यासाठी नसून दाखवण्यासाठी आहे. तेव्हा मालकानं 'बघून घेतो' म्हणून निरोप धाडला होता. आता तोच मालक दशक्रियेला पांढराशुभ्र सदरा घालून पहिल्या रांगेत... मेलेला माणूस उलटून लिहीत नाही, एवढं ह्या लोकांना बरोबर कळतं.

सदूभाऊ पशुखाद्य विकायचा. त्या निमित्तानं जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके त्यानं मोटरसायकलवर पालथे घातले होते, आणि दुपारी जिथं भूक लागेल तिथं तो जेवायचा. मी मंचरला मास्तर होतो. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात खोड काढू लागलो, तेव्हा त्यानं मला मागच्या सीटवर घेतलं. "मास्तर, खोडच काढायचीय तर दुसऱ्याच्यात काढा. वहिनींनी काय घोडं मारलंय?" त्याच्या लेखांत जेवण थोडं आणि माणसं जास्त असायची. मेंढरं विकून आल्यावर एकट्यानंच कोपऱ्यात बसणारा म्हातारा धनगर, पश्चिमेच्या डोंगरातून तांदूळ घेऊन उतरणाऱ्या आणि आपल्या शेजारी दुसऱ्या गावच्या बाईला बसू न देणाऱ्या बायका... अशी माणसं तो रस्सा ओरपता ओरपता टिपून घ्यायचा.

बाकी जे चाललं होतं त्याची आम्हा दोघांनाही शिसारी होती. जो उठतो तो 'गावरान'. वेटरना फेटे बांधून उभं करायचं. बिचाऱ्यांचं निम्मं लक्ष फेट्यात आणि निम्मं आमटीत. एकानं दारात प्लास्टरची बैलजोडी उभी केली होती, तिची शिंगं खिलारी आणि तोंडं म्हशीची. पुण्याची मंडळी रांग लावून तिच्या गळ्यात हात टाकत आणि मोबाइल उंच धरत. पाच किलोमीटरवर बेल्ह्याला खऱ्या बैलांचा बाजार भरला होता, तिकडं एकालाही जावंसं वाटलं नाही. "खऱ्या बैलाला शेण व्हतं, मास्तर," सदूभाऊ म्हणाला. "ह्यांना बिनशेणाचं गाव पायजे."

एकदाच त्यानं मनापासून कौतुक केलं. मंचरच्या बाजाराजवळ ताराबाईंची खानावळ होती. कांदा-बटाटा घेऊन येणारी माणसं घरून फडक्यात भाकरी बांधून आणत आणि तिच्याकडं फक्त रस्सा घेत. आपल्याकडची ही जुनी रीत आहे. भाकरी घरची, रस्सा हॉटेलचा, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सदूभाऊनं त्यावर असा लेख लिहिला की वाचतानाच भूक लागावी. महिन्याभरात दारात गाड्या मावेनात. वर्षभरात ताराबाईंच्या पुतण्यानं जागा ताब्यात घेतली, टाइल्स बसवल्या, ताराबाईंचा फोटो भिंतीवर लावला आणि खुद्द ताराबाईंना घरी बसवलं. मग एक पाटी लागली: 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई.' त्या पाटीखाली एक शेतकरी हातात भाकरीचं गाठोडं घेऊन उभा होता आणि फेटेवाला वेटर त्याला बाहेर जायला सांगत होता. सदूभाऊनं ते पाहिलं आणि न जेवताच गाडीला किक मारली. शेजारी त्याचाच लेख फ्रेम करून टांगलेला होता.

त्यानंतर त्यानं कुणाचं चांगलं लिहिलं नाही. दर पंधरवड्याला एकाची सालटी काढायची, बस. ह्यांना घरी जेवायला मिळत नाही का, अशी पत्रं येऊ लागली. माणूस किरकिरा झाला असं मलाही वाटायचं. आणि हाच माणूस अकरा वर्षं दर सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात यमुनाआक्कांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घरची भाकरी फडक्यात घेऊन, मासवडी खायला जायचा, पुढं पुढं मलाही मागं बसवून. ओल्या कापडावर बेसन थापून, तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून आक्का जी वडी वळतात ती कापली तरी सारणाचा कण सांडत नाही. तरी त्यांच्यावर एक ओळ नाही. मी एकदा कारण विचारलं. "जे टिकावं वाटतं ते लिवायचं न्हाई," तो म्हणाला. मला ते फार थोर वाटलं. मी ते चार ठिकाणी सांगितलंही.

तो गेल्यावर पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. लेख हवा, आणि शेवटी 'त्यांच्या आवडत्या ठिकाणाचं लोकेशन' हवं. म्हणजे वाचकांना सुतक फिटायच्या आत जेवायला जाता येईल. पत्ता मुळीच द्यायचा नाही असं ठरवून मी सोमवारी बेल्ह्याला गेलो. आक्कांना बातमी आधीच कळली होती. तो नेहमी बसायचा त्या बाकड्याच्या वर खिळ्याला त्याचं भाकरीचं फडकं टांगलेलं होतं, स्वच्छ धुतलेलं. शेवटच्या सोमवारी विसरून गेला होता.

आक्का बेसन थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक इचारू, मास्तर? अकरा वर्सं भाऊ हितं जेवले. साऱ्या दुनियेचं लिवलं. आमचं न्हाई लिवलं कवा. वडी बरी न्हवती का?"

मी त्यांना ताराबाईंची हकिकत सांगितली. तुमची जागा वाचावी म्हणून तो गप्प राहिला, म्हणालो. त्यांचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती.

"मंग मला इचारायचं की," आक्का म्हणाल्या. "माजी सून दर पंधरा दिसाला पेपर आणती. वरपास्नं खालपातूर वाचती, आमचं नाव हाय का बघाया. मंगळवारपास्नं ऐतवारपातूर हितं कुत्रं फिरकत न्हाई. आमी दोघी माश्या मारतो. चार गाड्या आल्या असत्या तर काय बिगाडलं असतं?"

दुसऱ्यांच्या ढोंगावर अकरा वर्षं तोंडसुख घेणारे आम्ही दोन शहाणे, आणि ज्या बाईच्या हातचं खात होतो तिला एका शब्दानं विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. बैलजोडीच्या गळ्यात हात टाकणारे बरे, ते निदान पाहुणे तरी होते. मला लाज वाटली, आणि सदूभाऊचा रागही आला, पहिल्यांदाच.

"लिवू का आता?" मी विचारलं.

"लिवा की. फकस्त सोमवारी येऊ नका म्हणावं. सोमवार बाजारकऱ्यांचा. त्येंची भाकरी त्येंनी आणायची, त्येंच्या जाग्यावर कुनी बसायचं न्हाई. बाकी सा दिस कुनीबी या." म्हणजे आम्हाला अकरा वर्षांत जे सुटलं नाही ते त्यांनी पहिली वडी वळून होईपर्यंत सोडवलं होतं.

निघताना मी ते फडकं मागितलं. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "सोमवारचं हाय ते."

तर बेल्हे, जनावरांच्या बाजारामागं, पाटी नसलेलं पत्र्याचं शेड, यमुनाआक्का. सोमवार सोडून कधीही जा, भाकरी तिथं गरम मिळेल. हा लेख छापून आला की त्यांची सून तो त्याच बाकड्यावर, त्या फडक्याखाली बसून मोठ्यानं वाचणार आहे. सदूभाऊ, आता तुला उलटून लिहिता येणार नाही. गप ऐक.