बशीतलं काळीज

तमाम आप्तेष्टांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझे यजमान गेल्या थंडीत वारले असून त्यांच्या हृदयाचा थोडा भाग जयपुरातच एका प्लास्टिकच्या बशीत धडधडत आहे. दर्शनास येणाऱ्यांनी चपला बाहेर काढाव्यात.

मानसरोवरच्या आमच्या घरी समाचाराला येणाऱ्यांना मी हे दवंडी पिटल्यासारखं ऐकवायचे. हसावं की डोळे पुसावेत, हे त्यांना कळायचं नाही. तेवढ्यात मी चहा टाकायला आत पळायचे. मला स्वतःला काहीच होत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटेनासा होतो, तशी मी सगळीच झाले होते.

ह्यांच्या हृदयाचे स्नायू सैल पडत चालले होते. आजार घराण्यातून आलेला. इथल्या एका संशोधन संस्थेने ह्यांच्या दंडावरची मसुरीच्या डाळीएवढी कातडी मागून घेतली. प्रत्येक पेशीत म्हणे अख्खं शरीर घडवायचं पुस्तक असतं. नको ती पानं चिकटवून टाकलेली असतात, म्हणून कातडी जन्मभर कातडीच राहते. ती पानं सोडवायची, पेशीला पार गर्भातल्या दिवसांत न्यायचं आणि मग तिच्याकडून हृदयाच्या पेशी घडवून घ्यायच्या. म्हणजे बिघाड कुठून सुरू होतो, ते बघता येतं. ते ऐकून बँकेत नोकरीला असलेले हे म्हणाले, "चला, कातडीला तरी बढती मिळू दे." ती मिळाली तेव्हा हे नव्हते.

संस्थेतून फोन आला. पेशी तयार आहेत, पण घरच्यांची इच्छा नसेल तर काम इथेच थांबवू, म्हणाले. माझ्यात हो म्हणायचं बळ नव्हतं आणि नाही म्हणायचंही नव्हतं. मी ते आईंवर, म्हणजे सासूबाईंवर सोपवलं.

नागपूरहून आलेल्या भाऊजींना हे मुळीच पटलं नाही. "वहिनी, तेरावं झालं, अस्थी पुष्करला सोडल्या, आणि दादा इथे बशीत अडकलाय? सुटका कशी व्हायची त्याची?" आईंनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाल्या, त्याला मोकळं करू. पण बंद करा म्हणून मीच सांगेन, आणि सांगायच्या आधी एकदा बघेन.

गेलो तिघं. चपलांवर निळ्या पिशव्या चढवल्या. आईंच्या नऊवारीवर पांढरा कोट चढवला, तेव्हा त्या शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरीणबाईच दिसायला लागल्या. मी तसं म्हटलंही. कोणी हसलं नाही.

जयपूरजवळच्या बस्सी गावाहून रोज येणाऱ्या संशोधक मुलीने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पडद्यावर राखाडी ठिपका आला. तो आकसायचा, सैल व्हायचा, पुन्हा आकसायचा. मध्येच एक ठोका चुकायचा, अगदी ह्यांच्यासारखा. मी बघत राहिले. गाल बधिरच होता. भाऊजी स्वतःच्या निळ्या पावलांकडे बघत होते.

मुलगी हिंदीत समजावत होती. कातडीपासून हृदय होण्याच्या मधल्या काळात या पेशी अगदी पोटातल्या बाळाच्या असतात तशा झाल्या होत्या. तशा काही अजून शेजारच्या पेटीत राखून ठेवल्या आहेत. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, आणि खाणं रोजच्या रोज. एक दिवस चुकलं तरी त्या कोमेजतात, म्हणून ती रविवारीही येते.

आईंनी पदर सारखा केला. आता बंद करा म्हणणार, म्हणून भाऊजींनी हात जोडून तयारी केली. पण आई त्या मुलीकडे वळल्या आणि हिंदी पार विसरून म्हणाल्या,

"आणि दिवाळीला तू घरी राहिलीस, तर याला कोण भरवणार गं?"