धाकट्याच्या ट्रस्टवर माझी सही

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या, तोंडावर आबांचा फोन आला तेव्हाच माझं डोकं फिरलं. "आखाजीले येशीन तं आधार कार्ड घेऊन ये. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात तुही सही लागीन."

आमच्याकडे लेकीची सही एकाच कामाला लागते, हक्क सोडायला. बापाच्या जमिनीवर पाणी सोडायचं, वर नवी साडी नेसून पेढा खायचा आणि सासरी परत जायचं. माझ्या आत्यांनी हेच केलं, नणंदांनी हेच केलं. म्हटलं, घ्या, आला आपलाही नंबर! धुळ्यापासून रावेरपर्यंत एसटीत मी नुसती धुमसत होते.

जमिनीचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, खोटं कशाला बोलू? पण खरी आग धाकट्या भावावरून होती. वयानं चाळिशी ओलांडलेला, बुद्धीनं पाच वर्षांचा. आई लवकर गेली, मग त्याला न्हाऊ-माखू घातलं ते मी. डोक्यावर तांब्या धरला की तो डोळे गच्च मिटून मान पुढे करायचा, साबण झोंबतो म्हणून. मग माझं लग्न झालं आणि मोठ्या भावाची बायको घरात आली. आयत्या बिळावर नागोबा! आता मी घास पुढे केला की हा तोंड फिरवतो आणि 'वैनी, वैनी' करतो.

आखाजीला निंबाला झोका बांधला होता. मी बसले, तर हा वहिनीचा पदर धरून तिलाच बसवायला निघाला. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. संध्याकाळी वहिनीनं हळदीकुंकू लावून साडी दिली, तर मी विचारलंच, "ही आखाजीची की हक्क सोडल्याची?"

तिनं कुंकवाचा करंडा खाली ठेवला. "आखाजीचीच ना, ताई. दरवर्षी नाही का देत?"

मी साडी खाटेवर टाकली आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वकील वाचून दाखवू लागले. केळीचा मळा धाकट्यासाठी ट्रस्टमध्ये ठेवायचा, म्हणजे आबांच्या माघारी तो कुणी विकू शकणार नाही. उत्पन्न फक्त त्याच्या खाण्यापिण्याला, औषधपाण्याला. त्याला सांभाळणार थोरली सून, पहिली विश्वस्तही तीच.

पुढचं मला ऐकूच आलं नाही. "सगळं हिलाच! आणि मी कोण, रस्त्यावरची?" रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"ताई, पुढचं ऐका तर," वकील म्हणाले. "दुसऱ्या विश्वस्त तुम्ही आहात. तुमच्या सहीशिवाय ट्रस्टमधला रुपया हलणार नाही. आणि दर आखाजीला येऊन तो नीट आहे की नाही, हे तुम्हीच पाहायचं."

मी आवाज खाली आणला. आबांना म्हटलं, "मला काहून घेतलं? मी तर हिच्यावर जळते."

"जयते. माहीत हाये मले. साऱ्या गावाले माहीत हाये." आबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "वैनी चांगली हाये. पन मी गेल्यावर चांगल्या मानसालेबी कोनी विचारनारं पाह्यजे. तू तिच्या भाजीतलं मीठबी तपासशीन. अशी नजर मी कोठून आनू?"

"मीच म्हटलं आबांना, ताईंना घ्या," वहिनी हळूच म्हणाली. घ्या! इथंही भाव तिनंच खाल्ला.

मी सही ठोकली. धाकटा बाहेर बाकावर केळं खात बसला होता. म्हटलं, आजपासूनच तपासते. त्याची नखं पाहिली, कापलेली. कॉलर उलटून पाहिली, स्वच्छ. बाई काही सापडूच देत नव्हती! शेवटी कानामागे बघायला त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तशी त्यानं केळं बाकावर ठेवलं, डोळे गच्च मिटले आणि मान पुढे केली.

"अक्का, पानी गरम हाये ना?"

वहिनी दारात उभी होती. "माझ्यापुढे नाही कधी अशी मान केली," ती म्हणाली. "आंघोळ म्हटलं की मळ्यात पळतो."

तिचं तोंड एवढंसं झालं होतं. देवाशपथ सांगते, मला फार बरं वाटलं.