रिकाम्या डब्यातलं अक्षर

ज्या गोष्टीला वजन नाही, माप नाही, ती मी मानत नाही. मालेगावात माझं किराणा दुकान आहे. देवळात जातो, पण चकवा, करणी, अंगात येणं असल्या गप्पा निघाल्या की उठून जातो. तरी हे लिहितोय, कारण जे ऐकलं ते माझ्याच कानांनी ऐकलं.

माझे चुलते रिठदला रेडिओ दुरुस्त करतात. महायुद्धात ते दक्षिणेत, नौदलाच्या विमानतळावर मेकॅनिक होते. येताना तिथला मोडीत काढलेला एक रिसीव्हर घेऊन आले. त्याचं काम असं – समुद्रात विमानवाहू जहाजावर फिरता एरियल असे, तो दर तीस अंशाला लांब-तुटक आवाजांचं वेगळं मोर्स अक्षर सोडायचा. परतणाऱ्या वैमानिकाला जे अक्षर ऐकू येई, त्यावरून आपण जहाजाच्या कुठल्या बाजूला आहोत ते कळे. मग त्याच्या उलट दिशेने गेलं की जहाज. शत्रूला कळू नये म्हणून अक्षरं बदलत. रिसीव्हर तपासायच्या शेडमधली अक्षरं मात्र कायमची, आणि काकांना ती पाठ.

आमच्याकडे तो डबा मुकाच होता. विमानाची बॅटरी रिठदात कुठली? आतले काचेचे व्हॉल्व्ह, ज्यांच्याशिवाय रेडिओ म्हणजे नुसता पत्रा, तेही काकांनी एकेक करून गावातल्या रेडिओंना बसवून टाकले होते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा श्रावण. काकूला विसर पडू लागला होता. घरातून निघायची, आणि दर वेळी माहेरच्या, म्हणजे शिरपूरच्या वाटेवर सापडायची. त्या दिवशी सकाळपासून नव्हती. निरोप मिळाला तसा मी बसने पोचलो. दुपार असून घरात अंधारलेलं, बाहेर रिपरिप. गाव सगळं शिरपूरच्या वाटेला शोधायला गेलेलं. काका मात्र कानाला हेडफोन लावून त्या डब्यापुढे बसलेले. दारात शेजारचे रहीमभाई टेलर.

"मिस्त्री, उंदरं बोलून राह्यले का त्याच्यात?" रहीमभाई म्हणाले. जरा हसवायला म्हणाले असतील.

काकांनी हेडफोन काढून मला दिला. "ऐकून पाय बाबू, का मलेच ऐकू येऊन राह्यलं?"

आवाज बारीक, पण स्वच्छ. एक लांब, एक तुटक. थोडं थांबून पुन्हा तेच. मी डब्यामागची बॅटरीची वायर चाचपली. दुसरं टोक भिंतीशी मोकळं लोंबत होतं. झाकण उघडलं. व्हॉल्व्हच्या जागा रिकाम्या, वर जाळी धरलेली. रहीमभाईंनीही ऐकलं. मग ते चष्मा पुसत राहिले.

"पश्चिमेचं अक्षर हाय," काका म्हणाले. "म्हंजे आपन तिच्या पश्चिमेले. तुयी काकू पूर्वेकडं हाय, नाल्याकडं."

मला केवढा धीर आला. "म्हणजे सापडली काकू!"

काका चपला शोधत होते. "जहाज हरवत नसते, बाबू. ते आपल्या जागी असते. हा डबा हरवलेल्यापाशी राह्यते. त्यालेच ऐकू येते."

हरवलेले आपणच, ती नव्हे, असं ते म्हणत होते; तेव्हा मला ते कळलं नाही. नाल्याच्या काठावर, बाभळीला टेकून काकू बसली होती. डोक्यावर पदर नीट. तिचा हात हाती घेतला, तो केव्हाच थंड पडला होता.

त्यानंतर मी रेडिओतल्या तीन जाणकारांना विचारलं. पत्र्याचं छप्पर, जवळचं रेडिओ स्टेशन, विजेचा गडगडाट... सगळं बोलून झालं. व्हॉल्व्ह नव्हते म्हटल्यावर तिघंही दुसऱ्या विषयावर वळले.

काका अजून आहेत. मी रिठदला गेलो की डबा काढतात आणि हेडफोन माझ्याकडे देतात. "काही येऊन राह्यलं का?"

मी बराच वेळ ऐकतो. काही नसतं. खोटं बोलवत नाही, म्हणून नाही म्हणतो.

"बरं," काका वायर गुंडाळत म्हणतात, "म्हंजे आपन तिच्यापासून अजून लांब हाओ."