पंपाचं पितळ

सासऱ्यांच्या पेट्रोल पंपाचं काळीज मी भांडेवाल्याच्या पोत्यात घातलं आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. डब्याला घट्ट झाकण होतं आणि झाकणावर फूल कोरलेलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. नाही तर तुम्हाला वाटायचं, बाई अगदीच स्वस्तात गेली.

साठ सालाच्या आगेमागे लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले. मॅट्रिक पास, दोन वेण्या, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं ही खात्री. माहेरी पेट्रोल म्हणजे कपड्यावरचा डाग काढायची वस्तू. इथे गावाबाहेर रस्त्याला लागून पंप आणि पंपाच्या मागेच घर. पहिले काही दिवस तर मला वरणालाही पेट्रोलचा वास यायचा.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नुकताच विजेवरचा पंप बसवला होता. त्याआधीचा हातपंप मागच्या शेडमध्ये पडून होता. माणसापेक्षा उंच लोखंडी खांब, त्याच्या डोक्यावर शेजारी शेजारी काचेच्या दोन हंड्या, बाजूला लांब दांडा. दांडा हलवला की जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल वर चढून एक हंडी भरायची, तोवर दुसरी नळीतून मोटारीत रिकामी व्हायची. गिऱ्हाइकाला आपलं पेट्रोल डोळ्यांनी दिसायचं, म्हणून भांडण नाही. पण नव्या पंपाला वीज लागे, आणि लाईन जायला काही मुहूर्त लागत नसे. आदल्या वर्षी कापसाच्या हंगामात लाईन गेली की ट्रका आमच्या दारावरून पुढच्या पंपावर निघून जायच्या. मामाजींनी ठरवलं, दिवाळीच्या आत जुना पंप दुरुस्त करून पुन्हा उभा करायचा.

"त्यापेक्षा भंगारात विकला तर?" असं मी म्हणाले होते. कोणी विचारलं नव्हतं.

अचलपूरहून मिस्त्री आले. पन्नाशीचे, दाढी पांढरी, हातात लोखंडी पेटी. आसपासच्या सगळ्या पंपांचं काम तेच करायचे. किती खर्च येईल, असं यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चहाच्या पहिल्याच घोटाला विचारलं, तर मिस्त्री चहा पीत राहिले. मग खांबाला कान लावून दांडा हलवून पाहिला, अर्धा दिवस नुसते खोलत बसले, आणि मग बोलले.

"लोखंडाचं काई नाई. घासून रंग मारला का नवरदेव. एक काच तडकली, ते मुंबईवरून आनाव लागन. गॅलन गेले, लिटर आले, तर मापाच्या खुना नव्या कराव लागन, त्यावर वजनमापाच्या साहेबाची मोहर लागन. चामड्याचे वायसर मी कापून देतो. पन खरा खर्च पितळेचा हाय, शेठ. आतले पेट्रोल अडवनारे व्हॉल अन् तोटी वाचली, तर पंप सस्त्यात वाचला. नवीन ओतलं तर ते जुन्या घरात नीट बसत नाई. सुनेसारखं नाई ते."

यावर सगळे हसले. मीही पदराआड हसले. माझ्यावरच विनोद झालाय हे कळायला मला संध्याकाळ झाली.

मिस्त्रींनी पितळेचे सगळे तुकडे मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, भिजत घातले. पंपावर कोणाच्या पायात येतील म्हणून ते घरामागे आणून ठेवले. भिजून निघाल्यावर मोरीजवळ, राखेच्या ढिगाशेजारी, पोत्यावर वाळत मांडले. काळेकुट्ट, वाकडेतिकडे. त्याच कोपऱ्यात सासूबाईंनी दसऱ्यासाठी मोड जमवून ठेवली होती. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या आधी फुटकं पितळ भांडेवाल्याला मोडीत देऊन नवं भांडं घ्यायची रीत. सासूबाई देवळात गेल्या होत्या आणि जाताना सांगून गेल्या होत्या, "भांडेवाला आला तं मोरीपाशी मोड हाय, ते दे."

मोरीपाशी जे काळं दिसलं ते सगळं दिलं. भांडेवाल्याने तराजू उचलला आणि त्याचा चेहरा उजळला. मला तो माझ्या घासाघिशीचा परिणाम वाटला. स्टील तेव्हा नवंच होतं. तो डबा मी पदराने पुसून फडताळात असा ठेवला, की दारातून आत येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जावी.

इथवर हसायला हरकत नाही. मीही हसते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री जोडणीला बसले आणि पितळ सापडेना. सगळीकडे शोधलं. मामाजी बाजारात गेलेले. हे तेव्हा चोवीस वर्षांचे, मिशी नुकतीच टोकदार झालेली. रस्त्यावर दोन ट्रका उभ्या, ड्रायव्हर खाली उतरून उभे, समोरचा चहावाला, पंपावरची माणसं. सगळ्यांच्या देखत हे म्हणाले, "मिस्त्री, पितळ काय उंदरानं खाल्लं?"

"काय मनून राहिले तुमी?"

"पितळेले बजारात भाव हाय, येवढंच मनून राहिलो."

मिस्त्री उठले. त्यांनी पेटी उचलली, रस्त्याच्या कडेला नेली आणि उलटी केली. पाने, हातोडी, कानशी, भाकरीचं फडकं, सगळं धुळीत. "पाहून घ्या," म्हणाले. आणि यांनी खरंच वाकून पाहिलं.

मी दारात उभी होते. "उंदीर" हा शब्द ऐकला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. पोतं, तराजू, भांडेवाल्याचा उजळलेला चेहरा. दारापासून रस्त्यापर्यंत हाक सहज ऐकू गेली असती. ती अमरावतीची हुशार पोरगी काय करत होती माहीत आहे? ती आत जाऊन फडताळाचं दार लावत होती.

मिस्त्रींनी एकेक हत्यार पुसून पेटीत ठेवलं. कापलेले चामड्याचे वायसर तेवढे आमच्या ओट्यावर ठेवले आणि एस.टी. धरली.

मी गप्प राहिले. भाजी निवडताना गप्प, पोळ्या लाटताना गप्प. हे रोज जेवताना म्हणायचे, "माणूस ओळखता येत नाई," आणि मी त्यांना आणखी वाढायचे. स्वतःला समजावत होते: नवी नवरी आहे, माहेरचं नाव जाईल, आता बोलून पितळ थोडंच परत येणार. माहेरचं नाव मला फार प्रिय होतं. मिस्त्रींनाही नाव असतं, हे मॅट्रिकपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

दसऱ्याला हत्यारांच्या पूजेची तयारी करताना सासूबाईंनी फडताळ उघडलं. डबा हातात घेतला, झाकण काढलं, लावलं, वजन पाहिलं.

"काय व, हा मोडीवर आला?"

"हो."

"माह्या मोडीत तं एक बूड गेलेला लोटा अन् दोन पळ्या होत्या. तेवढ्यात येवढा डबा देते कोनी?"

मी कुंकवाची वाटी खाली ठेवली. मग मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, आणि डबा हातातून खाली ठेवत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "डबा चांगला हाय. तूच खराब निघाली."

मामाजी भांडेवाल्याला शोधून आले. पितळ वितळून त्याच्या परातीही झाल्या होत्या. मग अमरावतीला नवे व्हॉल ओतवले, तिथलाच दुसरा कारागीर बोलावला. त्याने घाईघाईने जोडणी केली. शेवटी सगळं मिळून एवढा खर्च झाला, की मिस्त्रींच्या हिशोबात तसे दोन पंप उभे राहिले असते. रंग मात्र झकास लागला, तांबडाभडक. लाईन गेली की दांडा हलायचा, हंड्या भरायच्या, ट्रका थांबायच्या. पण नवं पितळ जुन्या घरात नीट बसलं नाही ते नाहीच. भरलेली हंडी थोडा वेळ तशीच ठेवली, की पेट्रोल आपोआप खुणेखाली उतरायचं. गिऱ्हाईक बोट दाखवायचं आणि मामाजी मुकाट्याने वरून भर घालायचे. ज्या पंपावर कधी भांडण झालं नाही, तिथे रोज भांडणाचं कारण काचेतून दिसायचं.

आता अचलपूरचं सांगायला हवं. मघापासून मी पंपाचंच सांगते आहे, ते उगीच नाही.

दसऱ्यानंतर मामाजींनी यांना आणि मला सकाळच्या एस.टी.त बसवून दिलं. सासूबाईंनी त्याच डब्यात करंज्या भरल्या होत्या. "डबा तिथीच ठेवून येजो," म्हणाल्या. अकोट, अंजनगाव करत आम्ही पोचलो.

मिस्त्रींचं घर लहान, अंगण सारवलेलं. मिस्त्री कानशीने छिन्नीला धार लावत होते. त्या हंगामात त्यांना अकोल्याकडून एकाही पंपाचं बोलावणं आलं नव्हतं, हे त्यांच्या बायकोने चहा देताना सांगितलं. साखर किती घालू, असं विचारावं तसं. हे कपाकडे बघत बसले. मग मीच बोलले. पोतं, तराजू, डबा, दार. काही लपवलं नाही. हात जोडले, माफ करा म्हणाले.

बायकोने करंज्या आपल्या ताटात काढून घेतल्या, डबा आतून-बाहेरून पुसला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला. मिस्त्रींनी कानशी बाजूला ठेवली. आवाज चढवला नाही, रागानेही बोलले नाहीत. म्हणाले:

"सूनबाई, माफी तुमी माह्या घरात बसून मांगून राहिल्या. चोर मले रोडावर मनलं होतं."