बंद स्टेशनची घंटा

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती घटना आठवली की हातातला घास आजही हातातच राहतो.

नाशकातल्या एका बंद स्टेशनातून पितळी घंटा चोरीला गेली होती. तिथले रूळ कधीच उखडले होते. मधल्या काळात धान्याचं गोदाम झालं, मग नुसतं कुत्र्यांचं राज्य. आता तिथे संग्रहालय व्हायचं होतं आणि दाखवण्यासारखी जुनी वस्तू ती एकच उरली होती. कुलूप शाबूत, म्हणून ठेकेदाराने वॉचमनवर संशय घेऊन फिर्याद दिली. सुरगाण्याकडचा तो तरुण रोज ठाण्याच्या बाकावर रडत बसायचा. खरा चोर सापडला नाही तर हाच आत जाणार, या विचाराने मला चैन पडेना.

खबर दिली समोरच्या चहावाल्याने. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा रोज फाटकापाशी येऊन बसायचा. घंटा गेली तसा यायचा बंद झाला.

त्याला चौकशीला बोलावलं. "साहेब, मी त्या स्टेशनात कधी पाऊल नाय टाकलं," एवढंच पालुपद. आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. गडी ढिम्म हलेना. शेवटी वैतागून त्याला जागेवरच नेलं.

फाटकापासून फलाटापर्यंत मोकळी जमीन. मी सरळ चालू लागलो. म्हातारा मध्येच थांबला, मला हाताने मागे रोखलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मगच पुढे झाला. रूळ होते ते बरोबर तिथेच.

"बाबा, गाडी येतेय का?" मी विचारलं. तो तिथेच खाली बसला आणि सांगू लागला.

त्याचे वडील इथे पोर्टर होते. मागच्या दाराची त्यांची किल्ली अजून घरात होती. "आई लय थकली, साहेब. वडील संध्याकाळच्या गाडीची घंटा देऊन घरी यायचे, मग ती जेवायची. आता सगळं विसरली, तेवढंच धरून बसलीय. घंटा वाजल्याशिवाय तोंडच उघडत नाय."

संध्याकाळी जप्तीसाठी त्याच्या घरी गेलो. खाटेवरची म्हातारी दाराकडे डोळे लावून होती. पंचनामा थांबवून मी म्हणालो, "वाजवा." घंटा झाली. तिने पदर सावरला आणि ताट पुढे ओढलं. तिचं जेवण होईपर्यंत आम्ही दारात उभे राहिलो. मग मुद्देमाल ताब्यात घेतला. वॉचमन सुटला, याचं समाधान होतंच.

माणूस तोंडाने खोटं बोलतो, पायांना ते जमत नाही, हे मी नव्या अंमलदारांना नेहमी सांगायचो. पुढचं कधी सांगितलं नाही. निघताना घंटा माझ्या हातात बघून म्हातारीला मी तिचा नवराच वाटलो असेन.

"उद्या उशीर नका करू हं," ती म्हणाली.

"नाही करणार," म्हणून मी जिना उतरू लागलो. पायरीपायरीला पाय अडखळत होते.