ताईचं जोडतिकीट

एकतीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे काढली, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना नियमराव म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, पण त्यांना ती गोड लागे.

त्यांची थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. रोजच्या येण्याजाण्यासाठी तिच्याकडे रेल्वेच्या एका विभागापुरता चालणारा पास होता. तिच्या लेकीला मूल झालं. पण लेक राहायची विभागाच्या हद्दीपलीकडे.

"पूर्ण तिकीट कशाला काढतेस, ताई?" नियमराव म्हणाले. "हद्दीच्या स्टेशनापर्यंत तुझा पास चालतो. तिथून पुढचं साधं तिकीट घे. नियमात बसतं."

बसत होतंच. फक्त त्यात एक मेख होती. गाडी त्या हद्दीच्या स्टेशनावर थांबायला हवी. साधी गाडी थांबायची. पण निघताना नियमराव बुटांना पॉलिश करत बसले, साधी गाडी डोळ्यांदेखत सुटली आणि फलाटावर जलद गाडी येऊन उभी राहिली.

"हिला चालेल ना रे हे तिकीट?" ताईनं विचारलं.

मेख त्यांना आठवली. पण आता परत रांगेत उभं राहायचं, वर चुकलो म्हणायचं!

"मी आहे ना! बिनधास्त चढ."

हद्दीचं स्टेशन सर्रकन मागे पडलं आणि पाठोपाठ तपासनीस बाई आल्या. नियमरावांचा निवृत्तांचा मोफत पास त्यांनी ओझरता पाहिला. ताईचे दोन्ही कागद मात्र उलटसुलट करून पाहिले.

"आजी, पास हद्दीपर्यंतचा आणि तिकीट तिथून पुढचं. पण ही गाडी तिथे थांबतच नाही. मग अलीकडे जिथे थांबते, तिथपासूनचं तिकीट लागतं. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

ताईनं भावाकडे पाहिलं. त्यांच्या पासवर जुना हुद्दा छापलेला होता. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. 

"कुणी नाही हो," ताई म्हणाली. "माझंच डोकं जरा जास्त चाललं."

तिनं दंड भरला. समोरच्या बाकावरच्या बाईंनी आपली पर्स मांडीवर ओढून घेतली. ताईला ते दिसलं. नियमरावांनाही दिसलं.

लेकीच्या घरी ताईनं अवाक्षर काढलं नाही. उलट बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "मामा होता बरोबर, म्हणून प्रवास निभावला." नियमरावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून भाचीला म्हणाले, "तुझ्या आईला आज दंड झाला. माझ्यामुळे. आणि मी तोंड शिवून बसलो होतो."

भाची हसली. "एवढंच ना, मामा!"

ताई हसली नाही. "हे तिथे बोलायचं होतंस," ती म्हणाली. "दंडाचं काय एवढं! पण त्या पर्सवाल्या बाईंनी मला चोर ठरवलं आणि तू झाडं मोजत बसलास."

 

दोन दिवसांनी परतताना ताई स्वतः खिडकीवर गेली. पास काचेला लावून तिनं आतल्या मुलीला प्रत्येक थांबा विचारून घेतला. नियमराव दोन्ही पिशव्या धरून मागे उभे होते. मुलीनं एक थांबा चुकीचा सांगितला. त्यांच्या जिभेवर दुरुस्ती आली. "ताई," ते म्हणाले, आणि ती मागे वळली तेव्हा त्यांना तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

"बोल," ती म्हणाली. "आता तरी बोल."